ह्यांची बशी

देवरूखच्या बाजारातल्या मेडिकलमध्ये पराग शेट्ये प्रत्येक गिऱ्हाइकाच्या त्वचेचा जिवंत तुकडा काचेच्या बशीत सांभाळायचा. अँटिबायोटिक आधी त्या तुकड्याला द्यायचं, फोड आले नाहीत तरच माणसाला. इंदुमतीकाकूंचे यजमान गेले आणि त्यांची बशी टाकून द्यायची वेळ आली.

"काकू, शेवटचं बघून घ्या," पराग म्हणाला.

नखाएवढ्या गव्हाळ तुकड्यावर बारीक लव होती. बशा नव्हत्या तेव्हाचे दिवस काकूंना आठवले. तापावरच्या अँटिबायोटिकनं ह्यांचं अंग भाजल्यासारखं सोलवटलं होतं. चादरसुद्धा चिकटायची. परसातली कोवळी केळीची पानं धुऊन काकू रोज इस्पितळात न्यायच्या, खाटेवर अंथरायच्या. पान बदललं की हे डोळे मिटून म्हणायचे, "आता गार वाटलं गं."

काकूंनी बशीवर हळूच फुंकर घातली. लव उभी राहिली.

"घरी नेऊ का रे?"

"बशीतून काढला की तुकडा तासाभरात सुकेल, काकू."

"सुकू दे," म्हणत त्यांनी पिशवीतून केळीचं कोवळं पान काढलं. धुऊनच आणलं होतं.