सासूबाई ऐकू न येणारा माईक

सत्यशीला चौसाळा गावातल्या आपल्या घरातून चौथीच्या पोरांना कॉम्प्युटरवर ऑनलाइन गणित शिकवायची, आणि नेमका त्याच वेळी मागच्या स्वयंपाकघरात तिच्या सासूबाईंचा, विमलबाईंचा, शेजारणींसोबत गप्पांचा फड रंगायचा. शेवटी ती तणतणत फिरोजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

"फिरोजभाई, हायवेचे हॉर्न आले तरी चालतील, पण आमच्या सासूबाईंचा शब्द पोरांपर्यंत जायला नको. आन् हजाराच्या आत बसवा."

"मंग हा माईक घ्या, ताई. तोंडाजवळ ठिवा. तुमचंच तेवढं उचलतो, मागचं सगळं गायब."

माईक खरंच गुणी निघाला. सोमवारी विमलबाई तासभर बोलल्या, पण त्यातलं एक अक्षरही क्लासात गेलं नाही. गुरुवारपर्यंत मात्र बावीस पोरांची नऊच राहिली.

सत्यशीलाने घाबरून युसूफ वडगाव या गावातल्या, क्लास सोडलेल्या एका पोराच्या आईला फोन लावला. "ताई, माझ्या शिकवण्यात काही कमी पडलं का?"

"तुमचं काय न्हाई ओ, मॅडम. पण सोमवारपासून तुमच्या सासूबाईंचा आवाजच यीना. आमी बाया कशापायी बसत होतो पोरांपाशी? त्या लिंबागणेश गावच्या पोरीचं लगीन जमलं का मोडलं, तेवढं सांगा आदी!"