जुनं व्हर्जन

नवऱ्याच्या आग्रहाखातर तिने नव्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टीमचं सगळ्यात नवं व्हर्जन टाकलं. त्यावर तिचं अनुवादाचं सॉफ्टवेअर चालेना. उद्या काम द्यायचं होतं. मान अवघडली होती, तरी तिने पेन ड्राइव्ह लावून जुनं व्हर्जन टाकायला घेतलं.

“झालं का गं?” बाहेरच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं.

“होतंय. जरा दम धर.”

कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला. काळ्या स्क्रीनमध्ये तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

दमलोय आपण, दुसरं काय! तिने तोंडावरून हात फिरवला.

थोड्या वेळाने स्क्रीन पुन्हा काळी झाली. आता प्रतिबिंबाचे डोळे उघडे होते, पण ते तिच्याकडे बघत नव्हतं. टेबलाला रेटा देऊन ते कंटाळल्यासारखं उठलं आणि बाजूला निघून गेलं. स्क्रीनमध्ये रिकामी खुर्ची उरली.

ती मात्र जागची हलली नव्हती.

बाहेर चपला सरकल्या. दाराची कडी निघाली.

“अगं, निघालीस कुठे?” नवऱ्याचा आवाज आला. “आणि कॉम्प्युटरचं काय?”

“आत बसलीय ना ती,” तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. “ती करेल.”