शेवटची सात मिनिटं

परवाना खिशात घालून सुदाम खिल्लारे कार्यालयाबाहेर पडला. धोकादायक मालाच्या ड्रायव्हरला आता लेखी परीक्षा नव्हती. त्याऐवजी घाटात अमोनियाच्या टँकरसकट दरीत गेलेल्या नागनाथच्या शेवटच्या सात मिनिटांची आठवण त्याच्या डोक्यात उतरवायचे आणि परवान्यावर शिक्का मारायचे.

फाटकाशी एक बाई उभी होती. कधी भेटली नव्हती, तरी सुदामने ओळखलं. नागनाथची बायको.

"शेवटी ह्यांचा फोन वाजला होता का?" तिने विचारलं.

सुदामच्या कानात तो अजून वाजत होता. स्क्रीनवर तिचाच फोटो होता आणि नागनाथने फोन ऐन वळणावर उचलला होता.

"नाही वहिनी. वाजलाच नाही."

"मीच केला होता, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्याआधी एकतीस ड्रायव्हर हेच बोलले. ह्यांनी उचलला नसता, तर एकाने तरी नुसता वाजला म्हणून सांगितलं असतं."