बारा रेघा

"मशीन गाडीतच राहू दे," बाबा म्हणाले. "टाकीला डोळे पुरेत."

कारखान्यातली दाबलेल्या हवेची टाकी दोन पुरुष उंच होती. हवा सकाळीच सोडून दिली होती, तरी आत काहीतरी सुस्कारे टाकत होतं. भिंतीपलीकडे बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या चाळीस बायकांची बडबड चालली होती.

बारा वर्षं ही टाकी बाबांनीच तपासली होती. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले आणि काम लेकीकडे आलं. आज ते न बोलावता आले होते.

मॅनेजरला घाई होती. "मशीन लावलं की दिवस मोडतो, मॅडम. वरवर नजर टाका आणि सही करा."

तिने बॅटरी मारून टाकी पाहिली. रंग गुळगुळीत, जोड सरळ, गंजाचा ठिपकाही नाही. तिने पेन काढलं. तेवढ्यात तिचं बाबांकडे लक्ष गेलं. ते थंडगार पत्र्याला पाठ लावून उभे होते आणि घामाने निथळत होते.

पेन खिशात गेलं. मशीन आलं.

पत्र्याला जेली लावून ती जोडाच्या कडेने सेन्सर सरकवू लागली. आतून परतणारा आवाज पडद्यावर रेघ होऊन दिसत होता. रेघ शांत होती. मग थरथरली. मग उभीच राहिली. वीतभर पुढे गेलं तरी खाली यायचं नाव घेईना. सेन्सर बाबांच्या खांद्यापाशी येऊन अडला.

"बाबा, बाजूला व्हा."

ते हलले नाहीत. पलीकडे कुणीतरी खळखळून हसलं. मग ते सरकले.

तिने रंग खरवडला. रंगाखाली भेगा बुजवायची लांबी भरलेली होती, लांबीखाली काळी भेग. भेगेवर आडव्या बारा रेघा होत्या, फुटपट्टीवर असतात तशा. प्रत्येकीपुढे खिळ्याने कोरलेली तारीख. अक्षर बाबांचं.

"टाकी आजपासून बंद," ती मॅनेजरला म्हणाली.

"पहिल्या वर्षी केसाएवढी होती गं," बाबा पुटपुटले. "म्हटलं, पुढच्या खेपेला बघू. नंतर कुठल्या तोंडाने सांगणार? मागच्या सगळ्या सह्या माझ्याच."

ती तारखा वाचत गेली. आठव्या तारखेवर बोट थांबलं. त्या वर्षी भेग एकदम चार बोटं वाढली होती.

त्याच आठवड्यात बाबांनी, "पुरे झाली आता दगदग," म्हणत आईला नोकरी सोडायला लावली होती. आई या भिंतीपलीकडे लेबलं लावायची.