शंभरपैकी अठ्ठ्याण्णव

"सात सेकंदांत शून्यावरून शंभरवर जाते, बाबा," साकेतनं तिसऱ्यांदा सांगितलं.

"कशासाठी?" चंद्रशेखररावांनी विचारलं. "इंजिनिअरिंगला एक वर्ष जास्त लावलंस, तेव्हा घाई नव्हती."

गाडी जर्मन होती, पांढरी, नागपूरच्या एका डॉक्टरांनी पाच वर्षं वापरलेली. 'इंजिनिअरिंग सुटलं तर गाडी घेऊन देऊ,' असं साकेतची आई मंजुषाताई बोलून बसल्या होत्या. धोका वाटत नव्हता. पण ते सुटलं.

चंद्रशेखरराव यवतमाळच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. तेवीस वर्षांचा पोरगा, असलं इंजिन आणि हायवे यांचं उत्तर काय येतं, हे त्यांना फळ्यावर न मांडताही कळत होतं. मुलगा एकुलता एक होता.

तोडगा विम्याच्या एजंटानं काढला. अभिषेक त्यांचाच जुना विद्यार्थी.

"सर, असा ड्रायव्हर अन् अशी गाडी म्हटली की कंपनी लांबूनच हात जोडते," तो म्हणाला. "पण एक नवी पॉलिसी आहे. ही डबी बॅटरीला जोडायची. गाडी कुठं आहे, किती स्पीडनं आहे, सगळं तुमच्या मोबाइलवर. नीट चालवली तर मार्क जास्त, मार्क जास्त तर हप्ता कमी."

मार्क हा शब्द ऐकून चंद्रशेखरराव खुर्चीत सरसावून बसले.

गाडी त्यांच्याच नावावर झाली. काटा साठच्या वर गेला तर किल्ली परत, आणि चालवताना फोन बंद, असं ठरलं. साकेतनं कुरकूरसुद्धा केली नाही. "डबी मीच बसवून आणतो," म्हणाला. संध्याकाळी मोबाइलच्या नकाशावर निळा ठिपका हलू लागला.

दहावीत बावन्न आणि बारावीत एकोणपन्नास टक्के आणलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले. चंद्रशेखररावांनी त्याची प्रिंट काढली आणि सकाळी फिरायला येणाऱ्या पुंडलिकरावांना दाखवली.

"पन्नासच्या वर काटा एकदाही नाही. गाव सोडून जात नाही. दत्त चौकात तर रोज सहा-सात वेळा थांबतो."

"दत्ताच्या पाया पडत असंल," पुंडलिकराव म्हणाले.

"असेल," चंद्रशेखरराव नम्रपणे म्हणाले. आपण मुलाला ओळखलंच नव्हतं, असं त्यांना वाटून गेलं.

रात्री ठिपका घराऐवजी मागच्या गल्लीत दिसायचा. एवढी चूक कुठल्याही मोजमापात धरावीच लागते. मंजुषाताईंची शंका वेगळी होती. "गावातल्या गावात एवढं पेट्रोल कसं लागते हो?"

"ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेज पडत नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडे आकडे होते.

त्या रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"साकेतचे पप्पा बोलता का? मी पांढरकवड्याहून बोलून राह्यली, दवाखान्यातून. तुमच्या पोराचा केळापूरजवळ हायवेवर अपघात झाला. लई रक्त गेलं काका. ऑपरेशन करा लागते, घरच्याची परवानगी पाह्यजे. तुमी निघा, पण आधी फोनवर हो म्हणा."

चंद्रशेखररावांनी शांतपणे नकाशा उघडला. ठिपका दत्त चौकात उभा होता.

"बाई, हो म्हटलं की पुढं पैसे मागता. गेल्या महिन्यात पोलिसांनी आमच्या कॉलेजात भाषण दिलंय यावर. दुसरं गिऱ्हाईक बघा."

मंजुषाताईंनी साकेतला फोन लावला. बंद होता.

"चालवताना बंदच ठेवतो तो," चंद्रशेखरराव म्हणाले. "एवढी शिस्त तुझ्या माहेरी कोणात आहे का?"

फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी तो स्पीकरवर टाकला. तिलाही शिकायला मिळावं म्हणून.

"बाबा..." आवाज साकेतचा होता, अगदी बारीक. "बाबा, या ना. मोबाइलात नका पाहू... हो म्हणा..."

"वा!" चंद्रशेखरराव म्हणाले. "हुबेहूब जमवलाय. मशीनवर काढतात आता असे आवाज." त्यांनी फोन बंद केला आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला.

"अहो, तो साकेतच होता!"

"मंजू, भावनेनं नको, आकड्यांनी बघ."

मंजुषाताईंनी आकडे बघितले नाहीत. त्यांनी पर्स उचलली, पायात चपला सरकवल्या आणि डोमाजीला फोन लावला. डोमाजी मागच्या गल्लीतला ऑटोवाला. साकेतला बालवाडीपासून दहावीपर्यंत त्यानंच शाळेत सोडलं होतं. "भाऊ, एसटी स्टँडवर जायचं आहे. आत्ताच्या आत्ता या."

"जा, जा," चंद्रशेखरराव म्हणाले. "पांढरकवड्याला जाऊन काय विचारशील? माझा मुलगा यवतमाळात आहे, तो इथं कुठं सापडेल का, म्हणून?"

मिनिटभरात ते ओरडले, "निघाला! हे बघ, चौक सोडला!"

मंजुषाताई दारातूनच परत फिरल्या. दोघं एका मोबाइलवर वाकले. ठिपका बत्तीसच्या वेगानं येत होता. वळणावर तो वीसवर आला.

"वळणावर वीस," चंद्रशेखरराव म्हणाले. "कोण चालवतं गं असं, या वयात?"

ठिपका त्यांच्या गल्लीत शिरला. मंजुषाताई मटकन पायरीवर बसल्या. रडता रडता त्यांना हसू फुटलं. चपला काढून त्यांनी बाजूला ठेवल्या.

"मेलं माझंच मन वैरी," त्या म्हणाल्या. "त्याला काही सांगू नका हं यातलं. आणि डोमाजी आला तर चहा पाजून परत पाठवू."

गाडी रुंद होती. चंद्रशेखररावांनी धावत जाऊन फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली आणि मोबाइल हातात धरून ते बाजूला उभे राहिले.

ठिपका फाटकाशी येऊन थांबला.

रस्त्यावर दुसरं काहीच नव्हतं. डोमाजीनं ऑटोतून मान बाहेर काढली.

"चला वहिनी, स्टँडवर ना?"