दुसऱ्या दिवसाचं दूध

"ए, नंबर सोडून मधी कुठं घुसायलीस?" मागून कुणीतरी ओरडलं.

सुवार्ता थांबली नाही. कडेवर अकरा महिन्यांची लेक, हातात रिकामी किटली. रांगेतल्या बायकांना ओलांडून ती डेअरीच्या काट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"तात्या, त्या दिवशीचं औषधाचं दूध माझं होतं."

सेक्रेटरी तात्यासो तपासणीसाठी बाटलीत दूध घेत होते. त्यांनी मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"मागल्या सोमवारी टँकर माघारी आला न्हवं का? ते. आमच्या म्हशीला इंजेक्शन दिलतं. तीन दिवस दूध डेअरीला घालू नका म्हणून डॉक्टरनी बजावलंतं. मी दुसऱ्याच दिवशी घातलं." तिनं लेकीला कडेवर नीट वर घेतलं. "बादलीभर दूध वतून टाकवंना मला."

त्या सोमवारी चाळीस घरांचं दूध तिच्या एका किटलीमुळं ओढ्यात गेलं होतं.

पायरीखाली, रांगेच्या बाहेर, लालबी उभी होती. डॉक्टरची मोटरसायकल तिच्या दारात दिसली होती, तेवढ्यावर गावानं ते दूध तिचंच असं ठरवून टाकलं होतं. सुवार्ताच्या बोळात गाडी शिरत नाही, म्हणून डॉक्टर ती लालबीच्या दारात लावतो, हे सगळ्यांना माहीत. पण त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. आपल्यालाही आठवलं नाही, असं सुवार्ता आठ दिवस स्वतःला सांगत होती.

डेअरीनं दूध घेणं बंद केलं तरी लालबी रोज किटली घेऊन यायची, उभी राहायची, तशीच परत जायची. आली नसती तर लोक म्हणाले असते, बघा, खरंच होतं.

"चर्चला जाणारी माणसं तुमी," रांगेतले गणपतराव म्हणाले. "आणि ही असली कामं?"

सासूबाईंना याचीच धास्ती होती. गावात ख्रिस्ती घरं दोनच. तू तोंड उघडलंस की दोन्ही घरांचं नाव जाईल, त्या दुसऱ्यांनी काय केलंय, असं त्या आठवडाभर म्हणत होत्या. पण काल चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट आलं आणि पाप लपवून ती खायची नसते म्हणून सुवार्तानं हात न लावता ते पुढं सरकवलं, हेही त्यांनीच पाहिलं होतं. आज सकाळी ती निघाली तेव्हा त्यांनी अडवलं नाही. नातीच्या डोक्याला टोपडं तेवढं बांधून दिलं.

लालबी पायऱ्या चढून वर आली.

"आठ दिस! आठ दिस तोंड न्हवतं व्हय तुला?"

"भ्यालो, मावशी."

"मग मी काय मजेत होतो? माझ्या म्हशीला सुई लागली न्हाय म्हणून ह्या दारात वरडून सांगितलं. एकानं ऐकलं न्हाय." तिचा आवाज चिरकला. "ते ऱ्हाऊ दे. आमच्या शिफाला शाळंत पोरी 'इंजेक्शन, इंजेक्शन' म्हणायल्यात. दुसरीतली पोर. चार दिस झालं, दप्तर उचलंना."

दुधाचं सुवार्ताला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. लालबीची ही नात आजीची किटली धरून रस्त्यानं उड्या मारत यायची, ती दिसेनाशी झाली होती. सुवार्तानं विचारलं नव्हतं.

"माझं चुकलं, मावशी," ती म्हणाली. लेक तिच्या ओल्या गालावर चापट्या मारत होती.

तात्यासो उठले. भिंतीवरच्या फळ्यावर 'दूध बंद' असं लिहून खाली लालबीचं नाव होतं. ते त्यांनी तळहातानं पुसलं आणि खडू उचलला.

"पंधरा दिस तुझं दूध घ्यायचं न्हाय. नियम म्हंजे नियम."

"बरोबर हाय, तात्या."

त्यांनी 'सु' लिहिला.

"थांबा," लालबी म्हणाली. "दूध नगा घेऊ. पर नाव लिवू नगासा."

"आता हे काय? तुमचं लिवलंतं की!"

"म्हणूनच सांगायलोय." तिनं सुवार्ताच्या कडेवर बघितलं. "ही पोर अजून चालत न्हाय. तिच्या आधी तिच्या आईचं नाव शाळंत पोचाय नको."

तात्यासोंनी तो 'सु'ही पुसला आणि हात धोतराला पुसले.

"या लालबी. पैला नंबर तुमचा."

लालबीनं किटली उचलली. भरलेली किटली म्हाताऱ्या हातांना जड होती. सुवार्तानं लेकीला सावरून घेतलं आणि मोकळा हात किटलीच्या बुडाला लावला. लालबीनं तो झिडकारला नाही. दोघींनी मिळून किटली कलती केली. काट्यावरच्या पातेल्यात दुधाची धार पडायला लागली, फेस वर चढला.

सुवार्ताच्या घरात आभार मानायचे ते देवाचे, जेवायच्या आधी, मान लववून. माणसांचे कसे मानतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचे डोळे आपोआप मिटले. ओठ हलले.

"डोळं उघड की गं," लालबी म्हणाली. "सांडशील."