डोळे झाकून

म्हातारे अकाउंटंट हल्ली फार विसरायला लागले होते. परवा तर स्वतःच्याच ऑफिसची बेल वाजवून “साहेब आहेत का?” म्हणाले.

शेवटी त्यांची बायकोच फरशीवाल्याच्या दुकानात आली. “भाऊजी, यंदा टॅक्सचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. यांच्या हातून घोळ झाला तर तुम्ही गोत्यात याल.”

“काहीतरीच काय वहिनी! इतकी वर्षं डोळे झाकून सह्या केल्या, आता त्यांच्या पडत्या काळात हात सोडू?”

बिचारीला तिथेच रडू फुटलं.

वर्षभराने टॅक्सच्या साहेबांनी फरशीवाला आणि अकाउंटंट दोघांना समोर बसवलं. नव्या गोदामातल्या विक्रीचा रिटर्नमध्ये पत्ताच नव्हता. त्या गोदामाचं एकही बिल फरशीवाल्याने अकाउंटंटना दाखवलं नव्हतं. गोदाम घेतलंच होतं मुळी वहिनी रडून गेल्यावर.

“मी तर सगळी बिलं यांच्या हातात दिली होती, साहेब,” फरशीवाला हळूच म्हणाला.



अकाउंटंटनी हात जोडले. “दिलीच असतील, साहेब. हे कधी खोटं बोलायचे नाहीत. मीच विसरलो असेन.”